एका घराला एकच पाहुणी

३ नोव्हेंबर

प्रिय सुई,

काल तुझ्या खिडकीखाली उभी राहून बोलत होते तेव्हा ती पालिकेची शिट्टीवाली बाई आली ना, ती तू खिडकी लावून घेतल्यावरही हलली नाही. म्हणाली, "काकू, दुसऱ्या घरच्या माणसाशी असं बोलत उभं राहायचं नाही." मी म्हटलं, "मी रस्त्यावर, ती दुसऱ्या मजल्यावर. आमच्यामधून एक ट्रक जाईल." तर म्हणते, "ट्रकला परवानगी आहे. तुम्हाला नाही." आले घरी.

म्हणून हे पत्र. फोनचं तुला माहीतच आहे. माझा डावा कान कामाचा नाही, आणि उजव्या कानाला तुझ्यापेक्षा तुझ्या हॉलमधला टीव्ही जास्त ऐकू येतो. मागच्या वेळी तू सुनेची मीटिंग चालली होती तिथेच बसून माझा फोन घेतलास आणि मी गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. तिच्या अख्ख्या ऑफिसाने ती ऐकली. एकाने उपायही सुचवला म्हणे. तेल चांगलं निघालं, त्याला सांग.

उभा जन्म आपण बाइंडिंगच्या एका टेबलावर काढला. मी कागदाला घडी घालायची, तू शिवायचीस, लोकांनी नावंही तीच ठेवली. तेव्हा मालक ओरडायचा, "बायांनो, तोंडं बंद." आपण कधी केली नाहीत. आता एवढ्या वयात ह्या साथीने दारं बंद केली.

दुपारी चहा झाला की हात आपोआप पुस्तकाकडे जातो. नावाड्याच्या गोष्टीत आपण पुरापाशी थांबलोय. मी एक पानही पुढे गेले नाही. मोठ्याने वाचलं तर भिंतीला सांगितल्यासारखं होतं, आणि मनात वाचलं तर मध्येच "मेल्याला अक्कल नाही" म्हणणारं कोणी नसतं.

हे गेले त्याला आता तिसरा हिवाळा. कटिंग मशीनवर आयुष्य गेल्यामुळे ह्यांना कुठलीही चळत दिसली की ती टेबलावर ठोकून कडा सारख्या कराव्याशा वाटायच्या. वर्तमानपत्रं, ताटं, टॉवेलसुद्धा. आता मीच ठोकते. काल सकाळी टॉवेल झाले, रद्दी झाली, पांघरुणं झाली. घड्याळ पाहिलं तर दिवस अजून सुरूच व्हायचा होता.

लिही लवकर.

तुझी
घडी

९ नोव्हेंबर

घडी,

दोन गल्ल्या ओलांडायला तुझ्या पत्राने इतके दिवस घेतले. पोस्टमन म्हणाला, ते आधी शहराच्या त्या टोकाला जातं, तिथे शिक्का खातं, मग परत येतं. म्हणजे आपल्या दोघींपेक्षा तेच जास्त हिंडतंय.

आता नीट बसून वाच. नवा नियम आलाय. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवला. जे कोणी एकटं राहतं त्याला एक घर निवडता येईल. तिथे जायचं, बसायचं, जेवायचं, शिट्टीवाली काही म्हणणार नाही. पण एका माणसाला एकच घर आणि एका घराला एकच पाहुणा. पालिकेला फोन करून नाव द्यायचं, आणि एकदा दिलं की बदलायचं नाही.

मी जेवतानाच जाहीर करून टाकलं, "आपल्या घरची पाहुणी घडी." मुलगा म्हणाला, "बघू, आई." त्याचं हे "बघू" बापावर गेलंय. त्याच्या बापाच्या "बघू"चा अर्थ कायम "हो" असायचा. सुनेने ऐकलं असेल-नसेल. ती जेवताना मोबाइलमध्ये असते.

तुझी जाऊ फोन करेल बघ. तिला आधीच नाही म्हण. तिच्याकडे गेलीस तर पाहुणी म्हणून बसशील आणि भाजी निवडत उठशील.

आणि पुढे वाचलं नाही म्हणतेस, ते मी ऐकून घेतलंय, मानलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर जो फर्मा हाताला येईल तो वाचायला घेणारी बाई तू. सोळा पानं इथली, सोळा पानं तिथली. मी कितीतरी गोष्टी लग्न आधी आणि मागणी नंतर अशा ऐकल्यात.

तुझी
सुई

१५ नोव्हेंबर

प्रिय सुई,

जावेचा फोन येऊन गेला. तू म्हणालीस तसंच.

"ताई, तुमच्यासाठी मागची खोली झाडून ठेवलीय."

मी म्हटलं, "बाई, माझं दुसरीकडे ठरलंय."

"दुसरीकडे म्हणजे?"

"सुईकडे."

पलीकडे डबा आपटला तो माझ्या कानालाही कळला. मग म्हणाली, "बरं. मग आम्ही माझ्या आत्याचं नाव देतो." आणि दिलंसुद्धा. दिरांनी फोन घेऊन विचारलं, "वहिनी, राग नाही ना?" मी म्हटलं, "मला कसला राग? मी खुशीत आहे." तेही खरं होतं.

आता कामाचं बोलू. खिडकीजवळची खुर्ची माझी, तिथे उजेड चांगला येतो. मुलाला आधीच सांगून ठेव, तो तिच्यावर लॅपटॉप ठेवतो. मी चष्म्याची काडी दुरुस्त करून घेतली. निळं लुगडं काढलं होतं, त्याला कपाटाचा वास लागलाय, म्हणून दोरीवर टाकलंय. शेजारीण विचारत होती, "कुठे लग्नाला का?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

पालिकेला फोन तुझ्याकडून होऊ दे. झाला की कळव, त्याच दुपारी येते.

तुझी
घडी

२६ नोव्हेंबर

घडी,

उत्तराला उशीर झाला. घराला रंग काढलाय. वासाने डोकं उठतं. तुला सोसायचा नाही, तेव्हा जरा थांब.

थंडी वाढलीय, कानाला बांधत जा. सून बरी आहे. मुलगा बरा आहे. गुडघा कसा आहे?

सुई

१ डिसेंबर

सुईबाई,

आपलं पत्र मिळालं. रंगकामाची बातमी वाचून आनंद झाला. एक शंका आहे. दुसऱ्या घरच्या माणसाला आत घ्यायला बंदी आहे, तर रंगारी तुमच्याच घरात जन्मलेला आहे का?

गेल्या मंगळवारी औषध आणायला निघाले होते, ती जरा लांबच्या वाटेने गेले. तुमच्या बाल्कनीत, तुमच्या खुर्चीत, तुमची जांभळी शाल पांघरून एक बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. मोठ्याने. मला खाली रस्त्यावर सगळ्या बातम्या कळल्या. त्या रंगारी असतील तर ब्रश कुठे दिसला नाही. मला तर त्या तुमच्या विहीणबाई वाटल्या, ज्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची हजेरी घेतली होती.

सुई, तू मला सांगायचं होतंस. मी जावेला नाही म्हणून बसले. तिच्याकडे आता तिची आत्या, तुझ्याकडे तुझी विहीण. मला कुठलंच घर उरलेलं नाही, आणि तू मला विचारतेस, गुडघा कसा आहे.

पुस्तक पाठवतेय. अख्खं पाकिटात जाईना, म्हणून शिलाई उसवून फर्मे सुटे केले. तुझी शिलाई असती तर हात लावला नसता, एवढंच सांगते. विहीणबाईंकडून वाचून घ्या. त्यांचा आवाज मोठा आहे, गल्लीलाही गोष्ट कळेल.

घडी

८ डिसेंबर

घडी,

तुझं ते "सुईबाई" वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. चांगल्या चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

रंग खोटा. भिंती आहेत तशाच आहेत, तुझ्या डोक्याच्या तेलाच्या डागासकट.

मुलाच्या "बघू"चा अर्थ या खेपेला "बायकोला विचारतो" असा होता. आणि बायकोची आई बाथरूममध्ये घसरून पडली होती. हाक मारायला घरात कोणी नाही. दुधाची पिशवी दाराशी तशीच दिसली म्हणून शेजाऱ्यांनी दार वाजवलं, तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, पण सून ते सांगताना ताटात रडली. मुलगा माझ्याकडे बघत होता. तो काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "तुझ्या आईचं नाव दे." दुसरं काय म्हणणार होते? तू तिथे असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस, आणि मग घरी जाऊन पांघरुणं ठोकली असतीस. पण हे तुला लिहायला बसले की हात अडायचा. रंगाचं कसं सुचलं कोण जाणे.

माझी शिक्षा चालू आहे. मुलगा त्यांना रोज सकाळी गाडीने आणतो आणि रात्री जेवण झालं की सोडून येतो. मधला सगळा वेळ त्या मुख्याध्यापिका असतात. माझे डबे त्यांनी उंचीप्रमाणे उभे केलेत. चहात साखर किती घालायची ते मला विचारून, ऐकून घेऊन, मग त्यांना हवी तेवढी घालतात. दुपारी डोळा लागला की खांद्याला हात लावून म्हणतात, "झोपायचे असेल तर खोलीत जाऊन झोपा, बसून झोपू नये." आता खोलीत जायची शक्ती असती तर मी बसून कशाला झोपले असते?

तुझे फर्मे आले. त्या म्हणाल्या, "मी वाचते." पहिल्या दुपारी नावाडी म्हातारा झाला आणि आजारी पडला. मी डोळे पुसले. दुसऱ्या दुपारी त्याच्या मुलीचं लग्न झालं, मी खूश झाले. तिसऱ्या दुपारी ती मुलगी रांगायला लागली. मला काहीच वावगं वाटलं नाही, मी तुझ्या हाताखाली तयार झालेली. पण विहीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ही मुलगी दिवसेंदिवस लहान कशी होत चालली आहे?"

अगं, तू रागाच्या भरात फर्मे कसेही कोंबलेस आणि मी बाइंडिंगची बाई असून बघितलं नाही. त्यांनी सगळे जमिनीवर पसरले, पानांचे आकडे पाहून लावले आणि मला आकडे मोठ्याने म्हणायला लावले. आता परत पहिल्यापासून वाचून झालंय, तर शेवटचा फर्माच नाही. आजारी पडल्यावर नावाडी वाचतो की नाही, हे त्या मला रोज विचारतात. मी म्हणते, ते घडीला माहीत.

राग गेला की लिही. नाही गेला तरी लिही.

सुई

१६ डिसेंबर

श्रीमती घडीबाई यांस,

तुमच्या पाकिटांवर पूर्ण नाव नसते. तुमच्या मैत्रिणीस विचारले असता त्या म्हणाल्या, "तिला सगळे घडीच म्हणतात." त्यामुळे हा मायना. गैरसमज नसावा.

तुम्ही पाठवलेल्या पुस्तकाचा क्रम चुकलेला होता. तो मी लावला. शेवटची सोळा पाने मात्र कमी आहेत. टपालात गहाळ झाली असल्यास मी तक्रार करीन. तुम्ही ठेवून घेतली असल्यास नावाडी वाचतो किंवा कसे, एवढे कळवावे. हे मी उत्सुकतेपोटी विचारत नाही. हाती घेतलेले काम अर्धवट राहू नये, इतकेच.

दुसरा मुद्दा. पालिकेची सूचना माझ्या जावयाने मोबाइलवर वाचली, म्हणजे वरची दोन वाक्ये वाचली. मी ती शेवटपर्यंत वाचली. त्यात असे आहे की, पाहुणी म्हणून नाव दिलेली व्यक्ती त्याच घरात कायमची राहावयास आली, तर ती घरातली धरली जाते. त्या घराला मग दुसरी पाहुणी घेता येते. म्हणजे मी रोज घरी परत जाते, म्हणून तुम्ही येऊ शकत नाही.

तुमच्या मैत्रिणीस मी फारशी आवडत नाही. त्या तसे बोलत नाहीत, पण मी लावलेले डबे सकाळी येऊन पाहावे तर पुन्हा जुन्या जागी असतात. माझी तक्रार नाही. आपल्यावर चिडणारे कोणीतरी दिवसभर समोर असते, हे मला या वयात पुष्कळ वाटते. माझ्या घरी तीही सोय नाही.

मुलीच्या सासरी न बोलावता मुक्काम ठोकणारी मी नव्हे. बोलावले तर नाही म्हणणार नाही. हे त्यांना सांगावे की सांगू नये, ते तुम्ही ठरवा. त्यांच्या खोलीचा प्रश्न आहे आणि खोली लहान आहे.

पानांची वाट पाहते.

एक निवृत्त मुख्याध्यापिका

२१ डिसेंबर

प्रिय सुई,

तुझ्या विहीणबाईंचं पत्र आलं. घाबरू नकोस, त्यांनी मला काठावर पास केलंय. ते पत्रच सोबत घालतेय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तुला हे सांगूच नये असं वाटत होतं. तुझी खोली, तुझे डबे, तुझी दुपारची डुलकी. ही बंदी आज ना उद्या उठेल. विहीणबाई एकदा आल्या की उठायच्या नाहीत. मी दुपारी येऊन दोन तास बसेन आणि जाईन. तुला रात्री त्यांच्या शेजारी झोपायचंय.

तुझ्याच भल्याचं सांगतेय, असं लिहायला घेतलं होतं. ते वाक्य खोडलं. माझ्यासाठी सांगतेय. काल अंथरुणात पडल्यावर आज आपण कोणाकोणाशी बोललो ते आठवायला लागले, तर शिट्टीवाली बाईच तेवढी निघाली. तीही मला "काकू, मास्क वर" एवढंच म्हणाली होती. मी ते वाक्य परत परत आठवत पडले होते. अशी वेळ आलीय.

तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन. "सुईबाई" पुन्हा कधी लिहायची नाही. आणि शेवटचा फर्मा टपालात बिपालात गेला नाही, मी मुद्दाम ठेवला. रागात होते, पण तुझ्याशिवाय गोष्ट संपवण्याइतकी नव्हते.

तुझी
घडी

२९ डिसेंबर

घडी,

दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. एवढा मोठा धोंडा पाकिटात घालून पाठवायचा आणि वर म्हणायचं, समजून घेईन.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. जिरे, मोहरी, असं सुवाच्य अक्षरात. मी मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "रोजचं जाणं-येणं कशाला करता? इथंच राहा."

त्या न वळता म्हणाल्या, "येथेच."

मी म्हटलं, "बरं, येथेच."

मग त्यांनी हातातली चिठ्ठी चिकटवली. ती वाकडी लागली. काढून परत लावली, तीही वाकडी. ती अजून तशीच आहे. मी ती सरळ करणार नाही आणि त्यांनाही करू देणार नाही.

सून दारात उभी होती. ती आत जाऊन नळ सोडून भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी. मुलगा म्हणाला, "आई, खरंच चालेल तुला?" मी म्हटलं, "बघू."

सामान आलंय. दोन ट्रंका, पृथ्वीचा एक गोल आणि एक पितळी घंटा. घंटा कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "लागते." माझ्या खोलीत आता दोन पलंग आहेत, मधून चालता येत नाही, पायथ्याकडून चढावं लागतं. त्या घोरतात. सकाळी मला म्हणाल्या, मी घोरते.

मुलाने पालिकेला फोन केला. तिकडून पाहुणीचं पूर्ण नाव विचारलं तर तो अडला. मला विचारलं, तर मलाही पटकन आठवेना. शेवटी विहीणबाईंनी सांगितलं. त्यांनी ते कुठून काढलं कोण जाणे.

तुझं नाव लागलंय. रविवारी ये.

तुझी
सुई

४ जानेवारी

प्रिय सुई,

कालच तुझ्याकडे येऊन गेले आणि आज पत्र. पोस्टमनला वाटेल आपलं परत बिनसलं.

इतके दिवस बोलायचं साठवून ठेवलं होतं आणि समोर बसले तर एक शब्द सुचेना. तुझंही तेच. दोघी नुसत्या आपापल्या मांडीवरच्या हातांकडे बघत होतो. विहीणबाईंनी म्हटलं नसतं, "बोला आता, एवढ्यासाठी मी घर सोडले," तर तशाच उठलो असतो. मग मात्र सुटलो. फर्मा पिशवीतून बाहेर निघालाच नाही. त्या बिचाऱ्या जिन्यापर्यंत माझ्या मागे आल्या. "निदान एवढे तरी सांगा, वाचतो का?" मी म्हटलं, "उद्या." दुसऱ्या दिवशीही मी कोणाला हवीशी वाटावी यासाठी एवढी खटपट आजवर केली नव्हती.

एक गोष्ट त्यांच्यासमोर बोलता आली नाही, ती लिहिते.

तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "अगं, किती वाळलीस, ये आत." मी चपला काढायला खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकलेली राहिले. तुला वाटलं गुडघा. गुडघा नव्हता.

जाऊ मला ताई म्हणते, दीर वहिनी म्हणतात. तुझा मुलगा मावशी, शिट्टीवाली काकू, विहीणबाई श्रीमती. सगळे मानाने बोलतात, माझं काही म्हणणं नाही. पण मला "अगं" म्हणणारी दोनच माणसं होती. हे कामावरून आले की उंबऱ्यातूनच "अगं" म्हणायचे आणि मग काय सांगायचं होतं ते आठवत बसायचे. पुष्कळदा आठवायचंच नाही. मग म्हणायचे, "काही नाही, असंच." ते गेल्यावर तू एकटी उरलीस, आणि तुझ्यामाझ्यात दोन गल्ल्या आणि एक नियम येऊन बसला. कागदावर लिहिलेलं वाचता येतं, पण ते कानात पडत नाही. काल पडलं. माझ्या चांगल्या कानात पडलं.

आज दुपारी येतेच, आणि हे पत्र पोचेल त्या दुपारीही येईन. दार तू उघड, विहीणबाईंना उघडू देऊ नकोस.

तुझी
घडी